चिंधीची सुई

गल्लीत तिला सगळे टेलरबाईच म्हणत. लग्नाआधीपासून ती शिवत होती, लग्न झालं तरी शिवत राहिली, आणि नवरा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली त्याच दिवशी पुन्हा मशीनवर जाऊन बसली. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला लावून कापायचं टेबल, दोरीवर हँगरला लटकलेले तयार कपडे आणि टेबलाखाली कातरणांचं खोकं. मशीन कोणीही चालवतं, खरी परीक्षा हातशिलाईत, असं तिचं म्हणणं होतं, आणि हातशिलाईत तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खिडकीबाहेर बघता बघता ती तुरपाई करायची. कापडाची चिमूट धरायची, सुई आरपार घालायची, खाली थांबलेल्या बोटाला टोक लागलं की ओढायची. "माझ्या बोटांना डोळे आहेत," असं म्हणायची. खोटं नव्हतं ते.

मूलबाळ झालं नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. देवानं जे दिलं त्याला हात जोडायचे आणि दिलं नाही त्याची आठवण त्याला करून द्यायची नाही, असा तिचा साधा हिशेब होता. मग एका सकाळी कातरणांच्या खोक्यातून बारीक आवाज आला. बघते तर मांजरीचं पिल्लू, डोळेही धड न उघडलेलं. आईचा पत्ता नाही. कापसाचा बोळा दुधात भिजवून तिनं ते जगवलं आणि नाव ठेवलं चिंधी. चिंधीची पुढे चांगली जाडजूड गादी झाली. दिवसभर मशीनच्या शेजारी पसरलेली असायची. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, हिचं माप कधी घेताय?" टेलरबाई म्हणायची, "तिला तयार कपड्यातलं काही बसत नाही हो!" आणि मनातून फुलायची.

सगळं असं ठीक चाललेलं असताना वन्सं राहायला आल्या.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची बहीण. लग्न केलं नव्हतं. टेलिफोनच्या ऑफिसात आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले होते. आता नोकरी संपली, भाड्याची खोली सोडली. टेलरबाईनंच आपण होऊन म्हटलं होतं, "या की. भावाचंच घर आहे तुमचं." म्हटलं तेव्हा मनापासून म्हटलं होतं. पण वन्संचा तो आवाज! सायीसारखा मऊ. इतकी वर्षं चिडलेल्या लोकांना शांत करून करून कमावलेला. "चिंधुबाई, या, बसा," एवढंच त्या म्हणायच्या, की चिंधी उठलीच.

आठवडा झाला नसेल, चिंधीची जागा बदलली. मशीनच्या शेजारून ती वन्संच्या मांडीवर गेली. टेलरबाईच्या मांडीवर कायम कापड, छातीशी टाचण्या, पायाखाली मशीनचा धडधडाट. वन्संची मांडी रिकामी आणि स्थिर. मांजराला काय, ते सोयीनं वागणार, हे टेलरबाईला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि बघवणं वेगळं. काज करताना तिची नजर सारखी पलीकडच्या खोलीत जायची. चिंधीची घरघर दारापर्यंत ऐकू यायची आणि हिच्या काळजावर कोणीतरी बोथट कात्री चालवतंय असं वाटायचं.

"मी जगवली, आणि ही आयती आई," असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. वन्संनी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. तेही हिला लागलं. बाईला भांडतासुद्धा येत नाही!

मग चिंधी आजारी पडली. पाण्याचं भांडं भरलं की रिकामं. तिच्या वाळूच्या ट्रेमध्ये नुसता चिखल. खायला राक्षसासारखी खायची आणि तरी दिवसेंदिवस अंगावरचं मांस उतरत चाललेलं. पाठीचा कणा हाताला लागायला लागला तेव्हा दोघी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेल्या. रक्त तपासून डॉक्टरीण म्हणाली, "साखर आहे हिला."

"मांजराला?" टेलरबाई म्हणाली. "ती काय मिठाईच्या दुकानात बसते का हो?"

"होते काकू, मांजरांनाही होते. इन्सुलिन द्यावं लागेल, सकाळ-संध्याकाळ, खाणं झालं की. खाल्लं नाही तर द्यायचं नाही. गेलं की नाही अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ चुकली तर चालते, दुप्पट गेलेलं चालत नाही. आणि कधी झोकांड्या खायला लागली, गळून गेल्यासारखी वाटली, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक इकडे यायचं."

मग तिनं दाखवलं. मानेमागची सैल कातडी दोन बोटांत वर उचलायची, तंबूसारखी. तंबूच्या पोटात सुई घालायची, हळूच दाबायचं, काढायची. चिंधीनं पाठ एकदा थरथरवली आणि संपलं. "आता तुम्ही एकदा या टॉवेलवर करून दाखवा," डॉक्टरीण म्हणाली.

टेलरबाई हसली. "मला सुई धरायला शिकवता? अहो, तुमच्या जन्माआधीपासून सुई आहे या हातात."

बाहेर एक कुत्रा गळा काढून रडत होता. डॉक्टरीणही हसली आणि त्याच्याकडे गेली.

घरी परतताना चिंधीची टोपली वन्संच्या मांडीवर होती, पण औषधाची पिशवी टेलरबाईनं आपल्या छातीशी धरली होती. काळजी होतीच. पण काळजीच्या खाली एक वेगळीच ऊब होती. आता चिंधीचा जीव सुईच्या टोकावर आला होता, आणि या घरात सुई कोणाची, हे काही कोणाला विचारायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ताबा घेतला. बाटली दोन तळव्यांत हलकेच फिरवायची, सिरिंजमध्ये एक रेघ भरायची, वन्संनी ताटली पुढे ठेवायची, चिंधीनं चाटूनपुसून संपवत आणलं की हिनं कातडीची चिमूट धरायची आणि एका सफाईत काम उरकायचं. आणि नवल म्हणजे चिंधी हलायचीसुद्धा नाही! ताटलीतून डोकंही वर काढायची नाही.

"बाई बाई! डॉक्टरणीच्या हाताला थरथरली होती," वन्संनी कौतुक केलं. "तुमच्या हाताचं तिला कळतसुद्धा नाही, वहिनी."

"जनावराला माणूस कळतं," टेलरबाई म्हणाली. बोलली साधंच, पण त्या दिवशी मशीन चालवताना ती गुणगुणत होती.

एकदा सकाळी एका गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला जावं लागलं आणि परतायला उशीर झाला. सुई वन्संनी दिली. ती घरात आल्या आल्या त्यांनी आपण होऊन सांगितलं, "वहिनी, माझ्या हातून नीट नाही जमलं वाटतं. अंग चोरलं हो तिनं. वळून बघितलं माझ्याकडे."

"असू द्या," टेलरबाई म्हणाली. "हाताचा गुण असतो. सगळ्यांनाच थोडा असतो?" इतकं गोड ती वन्संशी कधीच बोलली नव्हती. पण संध्याकाळी बघते, तर टोचून घेतलेली चिंधी पुन्हा वन्संच्याच मांडीवर, पाय वर करून, पोट उघडं टाकून. टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जिची सुई कळतही नाही तिच्याकडे पाठ, आणि टोचणारीच्या मांडीवर पोट!

आणि साखर काही उतरेना. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीवर घेतला की आकडा तीनशेच्या वरच. डॉक्टरणीनं फोनवर सगळं विचारून घेतलं आणि एका रेघेच्या दोन केल्या. तरी तेच. चिंधी पाणी पीतच होती, वाळतच होती.

टेलरबाईनं डोकं चालवलं. सुई तर आपण देतो, वेळेवर देतो, मापात देतो. मग साखर येते कुठून? तिची नजर वन्संच्या चहाच्या कपाकडे गेली. कपाच्या बशीत बिस्किटं असायची. वन्सं मऊ मनाच्या, चिंधी लाडावलेली. एकदा का संशय आला की बाकीचं डोळे शोधून काढतातच. चादरीवर चुरा दिसला. चिंधीच्या मिशीला काहीतरी पांढरं दिसलं.

"वन्सं, तिला बिस्किट देता का तुम्ही?"

"मी? नाही हो."

"मग हा चुरा?"

"मी खाते त्याचा. माझी खोली आहे, वहिनी, माझा चुरा पडणार."

"प्रेमानं द्यायचं आणि प्रेमानंच मारायचं, असं चाललंय मग. मी सकाळ-संध्याकाळ टोचायचं आणि तुम्ही मागून गोड भरवायचं. म्हणजे मी वाईट, तुम्ही चांगल्या. आणि मांजर गेलं म्हणजे?"

वन्संचा तो सायीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मरावं असं वाटतं का हो मला?" एवढंच म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या चिंधीला जवळ घेईनाशा झाल्या. चिंधी बंद दाराशी जाऊन बसायची आणि लांब, केविलवाणा सूर काढायची. मशीनच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. ती काही तिथं परत आली नाही.

दाराशी रडणाऱ्या त्या मांजराला बघून टेलरबाईनं शिवण बाजूला ठेवली. देवासमोर उभी राहिली. "हिला बरं कर," असं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या मनानं हळूच पुढचं जोडलं, "माझ्या हातानं." देवाला काय वाटलं असेल कोण जाणे. आपण काय मागितलं हे तिला स्वतःलाच नंतर कळलं, तेव्हा ती घाईनं तिथून बाजूला झाली.

डॉक्टरणीनं दोनाच्या तीन रेघा केल्या. चिंधीच्या मानेचे केस कधीकधी ओलसर लागायचे आणि बोटांना दवाखान्यासारखा वास यायचा. सिरिंज गळत असेल, असं म्हणून टेलरबाई हात धुऊन मोकळी व्हायची.

त्याच सुमाराला बँडवाल्यांचं काम आलं. लाल कोट, खांद्यावर झुलती झालर, छातीवर सोनेरी पट्ट्या, आणि तारीख अगदी डोक्यावर. बँडमास्तर दुपारी माप बघायला येणार होता आणि सकाळी अजून त्याच्या कोटाच्या बाह्या पडून होत्या. सुईची वेळ झाली तेव्हा मशीनवरून मान वर न काढता टेलरबाई म्हणाली, "वन्सं, आजची तुम्ही द्या. तीन रेघा. नीट बघून भरा."

वन्संनी दिली. चिंधीनं अंग चोरल्याचं टेलरबाईला पाठमोरं बसूनही कळलं.

दुपारी बँडमास्तर आला. पोटानं मोठा, मनानं मोकळा माणूस. एक बाही टाचलेला कोट घालून तो आरशासमोर उभा होता आणि टेलरबाई त्याच्या काखेत टाचण्या लावत होती. तेवढ्यात चिंधी दारातून आत आली. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे. दारू प्यायल्यासारखी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. टेबलाच्या पायाला धडकली आणि तिथंच बसली.

टेलरबाईनं बघितलं आणि क्षणात ओळखलं. वन्संनी जास्त भरली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी, भीतीच्याही आधी, तिला बरं वाटलं. आता कळेल सगळ्यांना, एवढंच ते होतं, डोळा लवेपर्यंतचं. मग चिंधी आडवी झाली, तिचे पाय ताठ झाले, आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे पळून गेलं.

"वन्सं! मध आणा! मध!"

वन्सं बाटली घेऊन धावत आल्या, पण त्यांना झाकण उघडेना. टेलरबाईनं बाटली हिसकावली, बोट बुडवलं, चिंधीचा ओठ वर करून हिरड्यांवर चोळलं. पुन्हा. पुन्हा. वन्संनी कसाबसा कानातून थेंब काढला. आकडा चाळिसाच्याही खाली.

"चला," बँडमास्तर म्हणाला. "माझी गाडी बाहेर आहे."

"तुमचा कोट..."

"कोट मरू दे हो, मांजर बघा!"

आणि तसाच, एका बाहीचा लाल कोट घालून, काखेतल्या टाचण्या टोचतील म्हणून एक हात पंखासारखा बाजूला धरून, दुसऱ्या हातानं त्यानं गाडी हाकली.

डॉक्टरणीनं शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. बऱ्याच वेळानं चिंधीनं कान हलवला, मग मान उचलली आणि सगळ्यांवर नापसंतीची नजर फिरवली. वन्सं भिंतीला टेकून रडायला लागल्या. डॉक्टरणीनं विचारलं, "सकाळी किती दिलं होतं?"

"सकाळची यांनी दिली," टेलरबाई म्हणाली. विचारलं होतं किती, आणि हिनं सांगितलं कोणी.

"तीनच भरल्या होत्या हो. चष्मा लावून भरल्या," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरणीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. मग दोन सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं आणि टॉवेलची घडी पुढे ठेवली. "हे मी पहिल्याच दिवशी करून घ्यायला हवं होतं. दाखवा मला. ही चिंधीची कातडी समजा."

वन्सं पुढे झाल्या. चिमूट धरली, सुई घातली, चिमटीच्या पोटात थांबवली, दाबलं, काढली. डॉक्टरणीनं चिमूट उलगडून बघितली. आतला पदर ओला, बाहेरून कोरडा. "बरोबर आहे."

टेलरबाईनं चिमूट धरली. तिचा हात बघत राहावा असाच होता, एवढा सहज. सुई गेली, दाबली, आली. डॉक्टरीण वाकून टॉवेलकडे बघत होती. "पुन्हा एकदा?" म्हणाली. पुन्हा तेच.

"अहो बाई," बँडमास्तर पलीकडच्या बाजूला उभा होता, तो म्हणाला, "सुई पलीकडून बाहेर येतेय की! हे बघा, माझ्या कोटावर पाणी उडालं."

टेलरबाईनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. चिमटीच्या पलीकडे तिचं बोट थांबलेलं होतं, टोकाची वाट बघत, जन्मभर थांबत आलं तसं. घडी दिसली की सुई आरपार. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरीण हळू आवाजात सांगत होती. कातडीचे दोन पदर असतात, सुई दोन्हीतून पार गेली की औषध केसांवर सांडतं. थोडंफार आत जात असेल कधी. साखर उतरेना म्हणून आपण मात्रा वाढवत गेलो. आज पहिल्यांदा वाढवलेली मात्रा पुरतीच्या पुरती आत गेली. "ह्यांचं काही चुकलं नाही, काकू. उलट यांनी बरोबर दिलं म्हणूनच असं झालं."

ओले केस. बोटांचा वास. ताटलीतून डोकं वर न काढणारी चिंधी. टेलरबाईला सगळं एकदम कळलं. मांजर शांत राहायचं, कारण झोंबणारं औषध आत जातच नव्हतं. तिनं त्याला माया समजून ते मिरवलं होतं.

आता वन्सं बोलणार, असं तिला वाटलं. बोलायला हव्याही होत्या. पण वन्संनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्यांचा हातच इतका सफाईचा आहे हो, डॉक्टर."

तो टोमणा असता तर टेलरबाईनं सोसला असता. पण तो टोमणा नव्हता. मांजर यांचं, बरोबर सुई यांची, आणि वर चांगुलपणाही यांचाच! आपल्या वाट्याला देवानं ठेवलंय तरी काय? 

रात्रभर चिंधीला दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा औषध पुन्हा एका रेघेवर आलं होतं, आणि डॉक्टरणीचं स्पष्ट सांगणं होतं की तूर्त सुई वन्संनीच द्यायची. टेलरबाईच्या हातात ताटली आली. ताटली धरून बसलं की काय काय दिसतं ते तिला आता कळलं. औषध आत जाताना चिंधीचं अंग आक्रसतं ते दिसलं. वन्संचा खालचा ओठ दाताखाली जातो तेही दिसलं.

"बिस्किटाचं मी उगाच बोलले," ती ताटलीकडे बघत म्हणाली.

"हो. उगाचच बोललात," वन्सं म्हणाल्या. सिरिंज झाकणात घातली. मग म्हणाल्या, "एकदा दिलं होतं."

"काय?"

"अर्धं. फार मागत होती हो. तुम्ही बोलायच्या आधी. नंतर नाही."

टेलरबाईनं मान वर केली. रागवायला हवं होतं. पण छातीवरचा दगडच सरकल्यासारखं झालं. वन्संही खोटं बोलू शकतात! एवढ्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच तिला घरातल्या वाटल्या.

"अर्धं?" ती म्हणाली.

"बरं, पाऊण."

टॉवेलवरचा सराव बरेच दिवस चालला. मधेच थांबायचं, एवढं साधं काम, पण तिच्या हाताला ते उलटं शिवण्याइतकं जड गेलं. पलीकडचं बोट आधी काढून घ्यावं लागलं. ते नसलं की सुई अंधारात जातेय असं वाटायचं. वन्सं टॉवेल उलटून बघायच्या आणि टेलिफोनच्या आवाजात सांगायच्या, "पलीकडून ओला आहे. पुन्हा प्रयत्न करा." कधीकधी तिला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकावासा वाटायचा. साखर हळूहळू उतरत होती. पाण्याचं भांडं आता दुपारीही अर्धं भरलेलं असायचं.

मग एका संध्याकाळी खऱ्या चिमटीची पाळी आली. वन्संनी ताटली धरली. टेलरबाईनं सुई घातली, अर्ध्यात थांबली, दाबलं. चिंधी ताटलीतून उसळली. मागं वळली, जिनं तिला कापसाच्या बोळ्यानं जगवलं तिच्याकडे बघून फिसकारली, आणि जाऊन थेट वन्संच्या मांडीवर चढली. टेलरबाईकडे पाठ करून बसली.

टेलरबाई जवळ गेली. वाकून तिनं मानेमागचे केस उलटे फिरवले, बोट टेकवलं, बोटाचा वास घेतला.

"कोरडे आहेत," ती म्हणाली.

"मग झालं तर," वन्सं म्हणाल्या.

"झालं काय? बघितलंत ना? शेपटीसुद्धा माझ्या बाजूला ठेवत नाही कार्टी. मला नाही बघवत हो, वन्सं. कधीच नाही बघवलं."

"माहीत आहे मला," वन्सं म्हणाल्या, आणि बिनदिक्कत चिंधीच्या कानामागे खाजवत राहिल्या.